नारोशंकराची घंटा आणि सोरचा तट

पंचवटीच्या घाटावर, नारोशंकराच्या देवळाच्या तटावर एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. गोदेला पूर आला की नाशिककर दोन खुणा बघतात : पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढले आणि नारोशंकराच्या घंटेपासून किती खाली राहिले. देऊळ सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये बांधले. घंटा मात्र पोर्तुगीज घडणीची. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्या विजयाची खूण म्हणून ती इथे ओळखली जाते. भीमाशंकरला आणि वाईजवळ मेणवलीलाही अशाच घंटा आहेत.

मी ख्रिस्ती घरातला, शरणपूर रोडच्या परिसरात वाढलेला. ही घंटा लहानपणापासून माझ्यापुढे एक अवघड प्रश्न टाकत आली आहे. रविवारच्या शाळेत आम्हाला शिकवीत की गर्विष्ठ, तटबंदीच्या नगरांवर देवाचा न्याय येतो : यरीहो पडले, निनवे पडले, बाबेल पडले, सोर पडले. मग वसईचे काय? १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून मिळालेली, पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी. दगडी तट, बुरूज, समुद्राकडे तोंड करून तोफा, आत सरदारांचे वाडे. गर्वात ती कुणाला हार जाणारी नव्हती. तिच्या तटाच्या आत चर्चेस होती, एवढाच काय तो फरक. तिच्या पडण्याला आमच्यातले कुणी देवाचा न्याय म्हणत नसे. तो नुसता इतिहास होता. दुसऱ्यांची नगरे पडली की न्याय आणि आपल्यांचे पडले की इतिहास, ही वाटणी कुठल्या शास्त्रात बसते?

ज्या मताचे खंडन करायचे ते आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडले पाहिजे. पूर्वपक्ष असा आहे. पवित्र शास्त्रातील संदेष्ट्यांनी मोठमोठ्या नगरांविषयी भाकिते केली. पुढे ती नगरे त्याप्रमाणे नष्ट झाली. त्यांचे अवशेष आज कुणालाही पाहता येतात. म्हणून भाकीत खरे, म्हणून शास्त्र खरे. सोरचे उदाहरण या पक्षाला फार प्रिय आहे, आणि ते खरोखर जोरकस आहे. यहेज्केलाच्या सव्विसाव्या अध्यायात सोरवर अनेक राष्ट्रे समुद्राच्या लाटांसारखी चालून येतील असे म्हटले आहे. त्यांत बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर नावानिशी येतो. तो वेढा घालील, तटाला यंत्रे लावील, घोड्यांच्या टापांखाली रस्ते तुडवील. इथपर्यंत क्रियापदे एकवचनी आहेत. बाराव्या वचनात ती एकदम अनेकवचनी होतात : ते तुझे दगड, लाकूड आणि माती पाण्यात टाकतील. पूर्वपक्ष म्हणतो, हे ‘ते’ म्हणजे अलेक्झांडरचे सैन्य. इसवी सनापूर्वी ३३२ मध्ये अलेक्झांडरने किनाऱ्यावरच्या जुन्या वस्तीचे दगड-लाकूड समुद्रात लोटून बेटापर्यंत बांध घातला आणि सात महिन्यांच्या वेढ्यानंतर सोर घेतले. एका सर्वनामात अडीचशे वर्षांपुढची घटना! ऐकणारा दिपून जातो. मीही गेलो होतो.

पण अध्याय बाराव्या वचनावर संपत नाही. सोर पुन्हा कधी बांधले जाणार नाही, शोधूनही सापडणार नाही, असे पुढे स्पष्ट म्हटले आहे. प्रत्यक्षात काय झाले? अलेक्झांडरने घेतल्यावर वीस वर्षांच्या आतच त्याचा सेनापती अँटिगोनस याला याच सोरला पुन्हा वेढा घालावा लागला, आणि तो वर्षाहून अधिक काळ चालला. नष्ट झालेल्या नगराला कोणी वेढा घालत नाही. पौल यरुशलेमाकडे जाताना सोरला उतरला, तिथल्या शिष्यांबरोबर सात दिवस राहिला. निघताना ती माणसे बायकामुलांसह त्याला पोचवायला किनाऱ्यावर आली. हे प्रेषितांच्या कृत्यांत, म्हणजे त्याच पवित्र शास्त्रात, लिहिलेले आहे. पुढे क्रुसेडरांनी ११२४ मध्ये सोर जिंकले. आजही लेबननमध्ये ते नांदते शहर आहे. अलेक्झांडरच्या बांधाशी गाळ साचत जाऊन जुने बेट मुख्य भूमीला कायमचे जोडले गेले आहे. कोळी तिथे जाळी वाळवतात, असे भाकिताच्या पूर्ततेचे चित्र पूर्वपक्ष दाखवतो. बंदराच्या गावात कोळी जाळी वाळवणारच. ते गाव जिवंत असल्याचीच ती खूण आहे.

याहून महत्त्वाचा पुरावा खुद्द यहेज्केलाकडे आहे आणि तो व्यासपीठावरून सहसा वाचला जात नाही. त्याच्या एकोणतिसाव्या अध्यायात, सतराव्या वचनापासून, तारखेसह एक नोंद आहे : बंदिवासाचे सत्ताविसावे वर्ष, पहिला महिना, पहिला दिवस. आपल्या गणनेत इसवी सनापूर्वी ५७१. सोरविषयीचा मूळ संदेश अकराव्या वर्षाचा, म्हणजे मध्ये जवळजवळ सोळा वर्षे गेली. नबुखद्नेस्सराचा वेढा तेरा वर्षे चालला होता. आणि संदेष्टा सांगतो की त्या राजाच्या सैन्याने सोरपुढे अतोनात कष्ट उपसले, प्रत्येकाच्या डोक्याचे केस झडले, खांदे सोलवटले, तरी त्याला वा त्याच्या सैन्याला सोरकडून काही मोबदला मिळाला नाही. म्हणून आता त्याला मिसर दिला जाईल. म्हणजे आपण बोललो तसे अक्षरशः घडले नाही, हे यहेज्केलाला माहीत होते. त्याने ते झाकले नाही. त्याच्या शिष्यांनी ग्रंथ जुळवताना आधीचा अध्याय गाळला नाही, नंतरचाही पुसला नाही.

ही एक नोंद दोन उलट टोकांच्या मतांना एकाच वेळी निरुत्तर करते. भाकिते घटना घडून गेल्यावर मागाहून लिहिली, असे म्हणणारे बुद्धिवादी आपल्याकडेही पुष्कळ आहेत. मागाहून लिहिणारा इतके अवघड काम कशाला करील? त्याने निकाल पाहून उत्तर लिहिले असते. आणि शब्दशः पूर्ततेचा आग्रह धरणाऱ्यांना विचारावे लागते की संदेष्टा जे मोकळेपणाने मान्य करतो, ते त्याच्यासाठी लपवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

इथे पूर्वपक्षाचा सर्वांत गंभीर आक्षेप येतो. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात कसोटी दिलीच आहे की संदेष्ट्याने परमेश्वराच्या नावाने सांगितलेले घडले नाही तर ते वचन परमेश्वराचे नव्हे. मग यहेज्केल खोटा ठरतो काय? याचे उत्तर यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात, कुंभाराच्या घरी मिळते. चाकावरचे मडके बिघडते, कुंभार त्याच मातीचे दुसरे घडवतो, आणि परमेश्वर सांगतो की एखाद्या राष्ट्राला उपटून टाकीन असे मी बोललो आणि ते राष्ट्र आपल्या दुष्टाईपासून वळले, तर मीही माझा बेत फिरवीन. न्यायाच्या संदेशात ही अट न बोलता अध्याहृत असते. यिर्मयाच्याच अठ्ठाविसाव्या अध्यायात शांतीचे भाकीत करणाऱ्या हनन्याशी वाद होतो, तेव्हा पूर्ततेची कसोटी तो कुणाला लावतो, हे नीट पाहावे. युद्ध आणि अरिष्ट सांगणारे संदेष्टे पूर्वीपासून होत आले, असे तो म्हणतो. घडेल तेव्हाच खरा मानावा असा संदेष्टा म्हणजे शांतीचे गोड बोलणारा. सगळे ठीक होईल असे सांगणाऱ्याने पुरावा द्यायचा.

योनाचे उदाहरण तर मुलांनाही ठाऊक आहे, पण ते माशाच्या पोटात अडकून पडते. चाळीस दिवसांत निनवे उलथून पडेल, एवढेच योना बोलला. त्यात ‘जर’ नव्हते, ‘तर’ नव्हते. निनवेचे लोक राजापासून गुराढोरांपर्यंत गोणपाट नेसून बसले आणि नगर वाचले. भाकीत या अर्थाने मोजले तर योना नापास झाला. संदेश या अर्थाने मोजले तर सबंध पवित्र शास्त्रात त्याच्याइतका यशस्वी संदेष्टा दुसरा नाही. आणि हे यश त्यालाच सहन झाले नाही. तो नगराबाहेर मांडव घालून आता काय होते ते पाहत बसला. अवशेषांची वाट पाहणारा तो पहिला माणूस, आणि त्या पुस्तकात देव समजूत घालतो ती त्याचीच.

मीखाचे असेच. सियोन शेतासारखे नांगरले जाईल, असे तो यरुशलेमाबद्दल बोलला. त्याच्या हयातीत तसे झाले नाही. शंभरएक वर्षांनी यिर्मयावर मरणाची पाळी आली तेव्हा देशातले वडीलधारे उभे राहिले आणि त्यांनी मीखाचा दाखला दिला : हिज्कीया राजाने त्याला मारले काय? त्याने परमेश्वराचे भय धरले, आणि अरिष्ट टळले. म्हणजे जुन्या यहूदी वडिलांच्या दृष्टीने न घडलेले भाकीत हा मीखाच्या खरेपणाचा पुरावा होता! आपल्याकडच्या सभांतून सोर-बाबेलचे तक्ते दाखवणाऱ्यांनी यिर्मयाचा सव्विसावा अध्याय एकदा मोठ्याने वाचावा.

मला वाटते, घोटाळ्याचे एक मूळ आपल्या मराठी शब्दात आहे. जुने लोक ‘भविष्यवादी’ म्हणत. आजच्या प्रचलित भाषांतरात ‘संदेष्टा’ आहे. शब्द बदलला, कान तोच राहिला. नाशिकची हवा भविष्याने भरलेली आहे. त्र्यंबकेश्वराला देशभरातून माणसे पत्रिका घेऊन येतात, कालसर्प, नारायणनागबळी करून जातात. आमचे ख्रिस्ती बांधव त्याकडे पाहून मान हलवतात, आणि संध्याकाळी सभेला जाऊन यहेज्केलाची पत्रिका मांडतात : कोणते राष्ट्र केव्हा पडणार, कुठल्या वचनात कुठले युद्ध. यशयाच्या मूळ इब्री ग्रंथात या संदेशांना ‘मस्सा’ म्हटले आहे. त्या शब्दाचा अर्थ देववाणीही होतो आणि ओझेही. ज्याला पाहिजे त्याने तो तक्त्यावर टांगावा, पण मुळात तो वाहणाऱ्याच्या खांद्यावर असतो.

हे ओझे किती जड होते ते मवाबाविषयीच्या मस्स्यात दिसते. मवाब इस्राएलाचा जुना वैरी. कीर-हरेसेथ त्याचे कोटबंद नगर. यशया त्याच्या गर्वाबद्दल, उद्दामपणाबद्दल बोलतो, मळे उजाड होतील असे सांगतो, आणि सांगता सांगता रडतो. आपले अंतःकरण मवाबासाठी वीणेसारखे कंप पावते, असे तो म्हणतो. जवळजवळ तेच शब्द फिरून यिर्मयाच्या तोंडी येतात. शत्रूच्या तटबंदीसाठी डोळ्यांत पाणी आणणारा हा माणूस आणि सोर पडले म्हणून टाळ्या घेणारा वक्ता, यांचा धर्म एक कसा मानावा?

दुसरा गैरसमज याहून खोल आहे : न्यायाचा संदेश परक्यांच्या नगरासाठी असतो. आमोसाने हा समज फार कुशलतेने मोडला. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब असा तो एकेका शेजाऱ्याचा अपराध वाचत जातो; ऐकणारे माना डोलावत असणार. मग यहूदा, आणि शेवटी स्वतः इस्राएल. फास आवळत आवळत तो श्रोत्यांच्याच गळ्याशी आणतो. परक्यांवर ठेवलेले आरोप युद्धातल्या क्रौर्याचे आहेत. स्वकीयांवर ठेवलेला आरोप काय, तर चांदीसाठी नीतिमानाला आणि जोडाभर पायतणासाठी गरिबाला विकणे. मीखाने लाखीश या यहूदाच्याच लष्करी नगराला सियोनेच्या पापाचा आरंभ म्हटले. इसवी सनापूर्वी ७०१ मध्ये अश्शूरी राजा सन्हेरीबाने ते लाखीश घेतले आणि त्याची चित्रे निनवेच्या राजवाड्यात कोरून घेतली. ते दगड आज लंडनला आहेत. अश्शूरी राजांचे असे शिल्पपट पाहायला आपल्याला इतक्या लांब जावे लागत नाही. निमरूदचे काही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. त्या दगडातली ताठ दाढी आणि दंडांचे पीळ एकदा पाहिले म्हणजे संदेष्टे गर्व कशाला म्हणत होते, ते कळते.

यरुशलेमाच्या तटाबद्दल यशयाने बाविसाव्या अध्यायात जे म्हटले आहे, ते मला या सगळ्या विषयाचे मर्म वाटते. वेढ्याच्या भीतीने तुम्ही नगरातली घरे मोजली, असे तो म्हणतो, आणि तट मजबूत करायला ती घरे पाडली. दोन तटांच्या मध्ये पाण्याची टाकी बांधली. पण हे सारे ज्याने केले त्याच्याकडे पाहिले नाही. घरे पाडून तट. कोणाची घरे, हे तो सांगत नाही, पण तटाच्या कडेला कोण राहतो हे कुठल्याही गावच्या माणसाला सांगावे लागत नाही. यहेज्केल सदोमाचा अपराधही असाच मोजतो : गर्व, पोटभर अन्न, निवांत सुख, आणि दीनदुबळ्याला हात न देणे.

सोरवरच्या आरोपपत्रात तर एक कलम असे आहे की ते वाचून नाशिकच्या ख्रिस्ती माणसाने थांबलेच पाहिजे. सत्ताविसाव्या अध्यायात सोरच्या व्यापाराची लांबलचक यादी आहे : चांदी, लोखंड, हस्तिदंत, गहू, मध, लोकर. त्यात माणसांचे जीवही आहेत. प्रकटीकरणाच्या अठराव्या अध्यायात बाबेलच्या पतनावर व्यापारी रडतात, तिथे मालाची यादी पुन्हा येते आणि ती माणसांच्या जिवांवर येऊनच संपते.

माणसे विकणाऱ्या समुद्रातून सुटलेली माणसे नाशिकला येऊन राहिली होती. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये इथे शरणपूर वसवले. विल्यम सॉल्टर प्राइस हे त्याचे प्रमुख. अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडली जात, त्यांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलामुलींना इथे आणून लिहायला-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम शिकवले गेले. त्यांतलेच काही जण आफ्रिकेचा शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन याच्या अखेरच्या प्रवासात त्याच्याबरोबर होते. १८७३ मध्ये तो आफ्रिकेच्या अंतर्भागात वारला तेव्हा जेकब वेनराइट या नाशिकच्या विद्यार्थ्याने झाडाच्या खोडावर त्याची नोंद कोरली. त्याचे साथीदार ते शव वाहून समुद्रकिनाऱ्यापर्यंत घेऊन आले, आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला जेकब हजर होता. त्यानंतर लवकरच इथली आफ्रिकी मंडळी मोंबासाजवळ फ्रीअरटाउनला गेली. शरणपूर हे नाव राहिले. तटाच्या नगराला शास्त्रात जे उत्तर आहे ते शरणनगराचे आहे. यशयाच्या पंचविसाव्या अध्यायात कोटबंद नगराचा ढिगारा झाल्याचे सांगून लगेच पुढे देव दुबळ्याचा आसरा, वादळात आडोसा, उन्हात सावली झाला, असेच येते. आमच्या वडिलांनी वस्तीला कोणते नाव दिले, याचा विचार शरणपूर रोडवरच्या दुकानांच्या गर्दीत आम्ही करीत नाही.

आता वसईकडे परत येतो. पोर्तुगीज मुलखात देवळे पाडली गेली, अनाथ हिंदू मुले मिशनऱ्यांच्या हवाली करण्याचा कायदा झाला, गुलाम राबवले गेले. आमोसाच्या यादीत वसई सहज बसली असती. पण म्हणून १७३९ चा विजय हा आकाशातून आलेला निकाल ठरतो का? यशयाच्या दहाव्या अध्यायात अश्शूराला परमेश्वराच्या हातची काठी म्हटले आहे, आणि काठीने स्वतःला उचलणाऱ्यापेक्षा मोठे समजू नये म्हणून त्याच दमात तिलाही शिक्षा सांगितली आहे. आमच्याच भागातला रामशेज किल्ला औरंगजेबाच्या फौजांपुढे पाच-साडेपाच वर्षे झुंजला आणि अखेर गेला तो फितुरीने. १८१८ मध्ये इंग्रजांनी नाशिक-खानदेशातले गड भराभर घेतले, कित्येकांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. तेव्हाही ‘ईश्वरी योजना’ म्हणणारे निघालेच, आणि ते मिशनरीच होते असे नाही. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या थोर पुरुषाने इंग्रजी राज्यात ईश्वरी संकेत पाहिला. मला तो पटत नाही. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असे येशूने विचारले आणि स्वतःच नाही म्हणून सांगितले. पडलेल्या दगडांवरून मागे जाऊन पाप वाचता येत नाही. त्याच येशूने यरुशलेम दृष्टीस पडताच, ते अजून उभे असताना, त्यासाठी अश्रू ढाळले.

वसईचा किल्ला ओस पडला, पण वसईची ख्रिस्ती माणसे तिथेच राहिली. ती मराठीत प्रार्थना करतात. त्यांच्यातल्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ मराठीला दिले, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. नगर पडले म्हणजे तिथल्या माणसांचा निकाल लागला, असे मानणाऱ्याने या माणसांकडे पाहावे.

पूर्वपक्षाचे एक म्हणणे मी मान्य करतो. निनवे इसवी सनापूर्वी ६१२ मध्ये पडले, नहूमाने सांगितले तसे पडले, आणि पुन्हा उठले नाही. संदेष्ट्यांचे शब्द पोकळ धमक्या नव्हते. बाबेलही ओस झाले, जरी पारसाचा राजा कोरेश इसवी सनापूर्वी ५३९ मध्ये तिथे लढाईवाचून शिरला आणि अलेक्झांडर दोनशे वर्षांनी तिथल्या राजवाड्यात वारला. पण निनवेचे पतन हाच पुरावा धरला तर योनाच्या पिढीतले निनवेचे वाचणे हे अपयश मानावे लागेल, आणि देव ज्याला दया म्हणतो त्याला आपण चूक म्हणू. मला तशी श्रद्धा नको.

आमच्या मंडळ्यांतल्या पाळकांना, रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना आणि घरी शास्त्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. यहेज्केलाचा सव्विसावा अध्याय मुलांना शिकवाल त्या दिवशी एकोणतिसाव्याची ती चार वचनेही वाचून दाखवा, सत्ताविसाव्यातली मालाची यादी पूर्ण वाचा, आणि मग मुलांना घेऊन घाटावर जाऊन ती घंटा दाखवा.